अडकलेली पुंगळी: अबू क्लीची लढाई आणि दोन सोयीच्या गोष्टी

लहानपणी आमच्या मोहल्ल्यात सुदानच्या महदींची गोष्ट रंगवून सांगणारे एक बुजुर्ग होते. वाळवंटात गोऱ्यांची फौज चौकोन करून उभी आहे, समोरून भालेवाले धावत येत आहेत आणि ऐन वेळी गोऱ्यांच्या बंदुका बंद पडतात. “बंदुकीलाही कळलं, समोर कोण आहे ते,” असे म्हणून ते थांबायचे. आम्ही पोरे ‘सुभानअल्लाह’ म्हणायचो.

पुढे कॉलेजात तीच लढाई इंग्रजी पुस्तकांत वाचली. तिथे बंदुका अडकल्याचा उल्लेख एका ओळीत उरकला होता आणि पानेच्या पाने गोऱ्या शिपायाच्या धैर्यावर खर्ची पडली होती. एकीकडे करामत, दुसरीकडे वंशाची मर्दुमकी. बंदुका अडकल्या का, हा साधा प्रश्न मात्र दोन्हीकडे कुणी विचारला नव्हता.

आधी लढाई थोडक्यात सांगतो. खार्टूममध्ये जनरल गॉर्डन महदी मुहम्मद अहमद यांच्या वेढ्यात सापडला होता. त्याच्या सुटकेसाठी हर्बर्ट स्टुअर्टच्या हाताखाली उंटांवरची एक तुकडी वाळवंट तुडवत निघाली. १७ जानेवारी १८८५ रोजी अबू क्ली (अरबीत अबू तुलैह) इथल्या विहिरींपाशी तिची महदींच्या सैन्याशी गाठ पडली. सुमारे चौदाशे माणसांचा चौकोन एका कोपऱ्यात फुटला. कर्नल बर्नबी भाल्याने मारला गेला. काही मिनिटांत सगळे आटोपले. ब्रिटिशांची ७४ माणसे गेली, तर महदींच्या बाजूचे अकराशेच्या आसपास लोक चौकोनाभोवती पडले.

शिपायांच्या हातात मार्टिनी-हेन्री रायफल होती. ब्रिटिश सैन्याने ती १८७१ मध्ये स्वीकारली होती. घोड्याच्या मागे एक लीव्हर असतो. तो खाली ओढला की नळीचे मागचे तोंड बंद करणारा पोलादी ठोकळा खाली जातो आणि जाता जाता एका दुहेरी आकड्याला धक्का देतो. हा आकडा रिकाम्या पुंगळीची कड पकडून तिला मागे फेकतो. लीव्हर झटक्यात ओढला तर पुंगळी उडून बाहेर पडते, हळू ओढला तर अर्धवट सरकून तिथेच राहते. यंत्र साधे आणि मजबूत होते. खोट होती ती काडतुसात.

वुलविचच्या सरकारी कारखान्यातले कर्नल बॉक्सर यांनी आधीच्या स्नाइडर रायफलीसाठी जे काडतूस काढले होते, त्याचीच पद्धत इथे पुढे चालू ठेवली होती. पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून नळकांडे करायचे आणि त्याच्या बुडाला लोखंडी चकती बसवायची. एखाद-दुसऱ्या गोळीला ते चालून जाई. पण भराभर गोळ्या झाडल्या की नळी तापते, काळ्या दारूची काजळी आत साचते, त्यात वाळवंटातली रेती मिसळते. अशा वेळी गुंडाळलेला पत्रा फुगून नळीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतो. शिपाई जीव खाऊन लीव्हर ओढतो, तर आकडा बुडाची चकती तेवढी उपटून काढतो आणि पत्रा आतच राहतो. मग नळीच्या तोंडातून गज घालून तो ठोकून काढण्याखेरीज इलाज नाही. समोर भाला दहा पावलांवर असताना तेवढी सवड कोण देणार? नौदलाच्या लोकांनी आणलेली गार्डनर तोफही सत्तरेक गोळ्यांनंतर अशीच, पुंगळीचे बूड उपटले गेल्याने बंद पडली.

आता दुसरी बाजू पाहा. याच मार्टिनी यंत्रणेच्या रायफली उस्मानी सरकारने १८७० च्या दशकात अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात बनवून घेतल्या. करार सहा लाखांचा होता. त्यांची काडतुसेही अमेरिकेतूनच येत, आणि त्यांची पुंगळी गुंडाळलेल्या पत्र्याची नव्हे, तर ओढून घडवलेल्या एकसंध पितळेची होती. १८७७ मध्ये प्लेव्हना इथे उस्मान पाशांच्या शिपायांनी दुरून या रायफली आणि जवळून लीव्हरच्या विंचेस्टर बंदुका चालवून रशियन फौजेला पुन्हा पुन्हा मागे रेटले. म्हणजे ज्या उस्मानी राज्याला युरोप ‘आजारी माणूस’ म्हणून हिणवत होता, त्याचा शिपाई काडतुसाच्या बाबतीत अबू क्लीच्या गोऱ्या शिपायापेक्षा आठ वर्षे पुढे होता. आणि तरीही १० डिसेंबर १८७७ रोजी प्लेव्हना पडले. वेढा पक्का झाला होता, रसद संपली होती. चांगली पुंगळी उपाशी सैन्याला वाचवत नाही.

अबू क्लीनंतर लंडनमध्ये ओरड झाली. वाकलेल्या संगिनी आणि अडकलेल्या रायफली यांवर वर्तमानपत्रांत टीका झाली, पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. मग गुंडाळलेल्या पत्र्याच्या जागी एकसंध पितळेची पुंगळी आली आणि पुढच्या मार्क चार रायफलीचा लीव्हर लांब झाला, म्हणजे ओढायला जोर जास्त मिळावा. दोष सापडला आणि दुरुस्त झाला. साम्राज्याची ताकद त्याच्या वंशात नव्हती, ती या सवयीत होती.

आमच्या बुजुर्गांच्या गोष्टीत आणखी एक गोष्ट गळालेली होती. हा सामना इस्लाम विरुद्ध इंग्रज इतका सरळ कधीच नव्हता. नोव्हेंबर १८८३ मध्ये शैकान इथे महदींनी हिक्स पाशाची जी फौज कापून काढली, ती इजिप्तची होती. तिच्यातले बहुसंख्य शिपाई मुसलमान होते. त्यांच्याच रेमिंग्टन बंदुका पुढे महदींच्या हाती आल्या. अबू क्लीच्या आदल्या रात्री ब्रिटिश छावणीवर गोळ्या येत होत्या, त्या बंदुकांतूनच. नुसते भाले नव्हते. आणि त्याच वर्षी २२ मार्चला सुआकिनजवळ तोफरेक इथे महदींच्या हल्ल्यापुढे पाय रोवून उभ्या राहिलेल्या पलटणींत मुंबई सैन्याची २८ वी पलटण होती. आपलीच माणसे, इंग्रजांच्या बाजूने.

ते बुजुर्ग आता नाहीत. त्यांच्यावर माझा राग नाही. हरलेल्या माणसाला एखादी तरी जिंकलेली गोष्ट लागतेच. पण करामत म्हटले की पोराचे प्रश्न तिथेच थांबतात. अकराशे माणसे अशा बंदुकांपुढे मेली, ज्यांतल्या कित्येक अडकल्या होत्या; न अडकलेल्या बंदुकांनी काय केले असते, हे त्या गोष्टीत कधी आलेच नाही. त्या मेलेल्यांच्या हिंमतीला करामतीच्या टेकूची गरज नाही.

परवा भाच्याने मोबाइलवर आलेला तोच किस्सा मला दाखवला. आता त्याला आकाशातून उतरलेल्या मदतीचे चित्रही जोडलेले होते. मी कागद घेतला, लीव्हर, आकडा आणि पुंगळी काढून दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “मामू, मग चांगली पुंगळी आधीच का नाही बनवली त्यांनी?”

मला वाटले, इतिहासाचा पहिला धडा इथून सुरू होतो.