पानाच्या नावाची गोळी



चातुर्मासात पालेभाजी बंद झाली आणि घरात सून पोटुशी असली की विचारणा होतेच, मग हिला फॉलिक ॲसिड कुठून मिळायचं? या व्हिटॅमिनचा शोध आपल्या मुंबईत सुरू झाला, हे फार जणींना ठाऊक नसतं.

1928 साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून त्यांनी गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा अभ्यास केला. गिरणीत राबणाऱ्या, गरीब वस्तीतल्या या बायकांच्या रक्तात तांबड्या पेशी कमी, पण आकाराने फुगलेल्या. विल्सबाईंनी त्यांच्या जेवणाची चौकशी केली. ज्यांच्या ताटात फळं-भाज्या सर्वांत कमी, त्यांनाच हा आजार जास्त. शेवटी मार्माइट नावाच्या स्वस्त यीस्टच्या अर्काने गुण आला आणि 1931 साली त्यांनी ते छापलं. दारूच्या कारखान्यातलं यीस्ट आपल्याला चालणारं नाही, हे खरं. पण त्या काळी पंडुरोगावर प्राण्यांचं यकृत खाऊ घालत, हेही लक्षात घ्या.

अर्कात नेमकं काय आहे ते कळेना, म्हणून नाव पडलं विल्स फॅक्टर. माकडांवर प्रयोग करणाऱ्यांनी त्याला व्हिटॅमिन एम म्हटलं, कोंबडीच्या पिलांवर करणाऱ्यांनी बीसी. (हे प्रयोग वाचताना मन खट्टू होतं.) एकाच खात्याला तीन नावं! आम्हा कॉमर्सवाल्यांचा ताळेबंद अशाने कधी जुळला नसता. 1941 मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून हा पदार्थ वेगळा काढला आणि लॅटिनमधल्या 'फोलियम', म्हणजे पान, या शब्दावरून फॉलिक ॲसिड हे नाव रूढ झालं. पुढे 1945 च्या सुमारास आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूने ते प्रयोगशाळेत तयार केलं. म्हणजे आजच्या गोळीतल्या फॉलिक ॲसिडसाठी पानही लागत नाही आणि यीस्टही नाही.

नाव पानाचं असलं तरी ते फक्त पानात नसतं. मूग, हरभरा, चवळी, तूर, शेंगदाणे यांतही भरपूर असतं, मोड न आणताही. पालेभाजी सोडा, वरणाची वाटी सोडू नका.

खरी घाई वेगळीच असते. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी पहिल्या चार आठवड्यांत मिटते, तेव्हा सुनेला दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. आधीचं बाळ या दोषाचं झालेल्या मातांमध्ये गोळीने धोका 72 टक्क्यांनी घटला, असं 1991 च्या ब्रिटिश अभ्यासात दिसलं. म्हणून ही गोळी मूल हवं असं ठरलं तेव्हापासूनच डॉक्टरांना विचारून सुरू करायची.

आमच्या आष्टीत काय किंवा मुंबईत काय, चौथ्या महिन्यापासून सरकारी लाल गोळी मिळते, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. बी-12 मात्र तिच्यात नसतं, आणि डाळी-भाज्यांतही नसतं. आपल्या ताटात ते येतं दूध, दही आणि ताकातून. ते कमी पडलं तर फॉलिक ॲसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं दुखणं आतल्या आत वाढत राहतं, म्हणून बी-12 ची तपासणी वेगळी सांगावी लागते.