सदरा घरावरून गेला

रात्री पावणेबाराच्या सुमारास माझा सदरा माझ्या घरावरून गेला.

हे वाक्य वाचून माझ्या प्रकृतीविषयी शंका येण्याचा संभव आहे, म्हणून लगेच खुलासा करतो. आमचं किकवी हे गाव पुणे-सातारा रस्त्यावर आहे. तालुका भोर. पुण्याहून निघालात की खेड-शिवापूर, नसरापूर फाटा, कापूरहोळ आणि मग आम्ही. पुढे सारोळ्याचा पूल ओलांडला की नीरेपलीकडे सातारा जिल्हा लागतो. हाच रस्ता पुढे थेट बंगळूरला जातो. तर मी मोबाइलवरून मागवलेला निळ्या रेघांचा, नऊशे नव्याण्णव रुपयांचा सदरा बंगळूरहून ट्रकात बसून निघाला होता. तो कुठवर आला हे मोबाइल मला वेळोवेळी कळवत होता. आमचे चिरंजीव पुण्याला शिकायला आहेत, पण पोहोचल्याचं इतक्या तत्परतेनं त्यांनी कधी कळवलेलं नाही. सदऱ्यानं कोल्हापूर सोडलं, कराड सोडलं, सातारा सोडलं. हिशेब करता तो मध्यरात्रीच्या आधी माझ्या ओट्यापासून दोनशे पावलांवरून जाणार होता. मी ओट्यावर उभं राहून तीन ट्रकांकडे आशेनं पाहिलंसुद्धा. पण त्याला इथे उतरायची परवानगी नव्हती. आधी पुण्याला जायचं, तिथे नोंद करायची, आणि मग उलट फिरून किकवीला यायचं. भोर तालुक्यातल्या कुठल्याही अर्जाचा प्रवास पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

तीन दिवसांनी सदरा आला. तो अंगाला झाला नाही. खांद्यात सैल, पोटावर घट्ट. म्हणजे माझ्या वीस वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या देहाची बेरीज करून दोनानं भागल्यावर जो माणूस निघेल, त्याचा तो होता.

“कितवा हा?” सौ.नं विचारलं.

बायकांच्या प्रश्नांत एक खोच असते. ती किंमत विचारत नव्हती, क्रमांक विचारत होती. मी बी.कॉम. झालेला माणूस. बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांना आवर्ती ठेवीचे फायदे समजावत आलो आहे. आकड्याला आकड्यानंच उत्तर द्यावं म्हणून मी स्वतःच्याच खात्याचा वर्षाचा उतारा काढला आणि लाल पेन घेऊन बसलो. मोबाइलवरून घेतलेले कपडे : नग १७. एकूण रक्कम : रुपये १४,२८०. सरासरी दर नगाला ८४०. इथवर ठीक होतं. पण ‘प्रत्यक्ष वापरात’ असा रकाना काढल्यावर तिथे फक्त ५ आकडा बसला. बाकीचे बारा कपाटात असे पडून होते, जसे आमच्या बँकेत काही जुने कर्जदार : आहेत, पण उपयोग नाही. म्हणजे वापरातला एकेक सदरा मला २,८५६ रुपयांना पडला होता! एवढ्या भावाचा सदरा माझ्या अंगावर पाहून शाखाधिकाऱ्यांनी माझी चौकशी लावली असती.

शहाणा माणूस इथे खजील होऊन थांबतो. पण वाणिज्य शाखेनं मला एक खोड लावली आहे. आकडा वाईट निघाला की मागच्या वर्षांचे आकडे शेजारी मांडायचे. कदाचित ते त्याहून वाईट निघतात. या आशेनं मी इतिहासात शिरलो.

आपल्या इतिहासात लढायांच्या तारखा खूप आहेत, सदऱ्यांच्या कमी. तरी जेवढ्या सापडतात तेवढ्या उद्बोधक आहेत. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली तिची चाकं फिरली. पण तोवर मँचेस्टरचं स्वस्त कापड गावोगाव पोहोचलेलं होतं आणि लोक ते खुशीनं घेत होते. स्वस्त आणि मस्त दिसलं की घ्यायचं, गरज मागाहून शोधायची, हा रोग माझ्यापासून सुरू झालेला नाही हे पाहून मला पहिला धीर आला.

मग १८७७ साल येतं. त्या वर्षीच्या १ जानेवारीला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यासाठी दरबार भरला. राजेरजवाडे हिरेमोती अंगावर चढवून आले होते. आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीनं गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हातानं कातलेल्या सुताचे, हातानं विणलेले पांढरे कपडे घालून तिथे गेले. गांधीजी त्या वेळी अवघे सात वर्षांचे होते. एवढ्या झगमगाटात खादी घालून उभं राहायला छाती लागते. मी पुतण्याच्या मुंजीत गेल्या वर्षीचाच झब्बा घालायला कचरतो, यावरून काकांच्या छातीचं माप कळावं.

गंमत म्हणजे त्याच १८७७ साली सरकारी टपाल खात्यानं व्ही.पी.पी. सुरू केलं. दुकानदारानं पार्सल पाठवावं, पोस्टमननं ते दारात आणावं आणि पैसे घेऊन सोडावं. म्हणजे ‘माल हातात पडल्यावर पैसे द्या’ ही योजना आज मोबाइलवर वाचून आपल्याला आधुनिक वाटते, ती खाकी कपड्यांत आपल्या आजोबा-पणजोबांच्या दारात येऊन गेलेली आहे. एकाच वर्षी एक माणूस सांगत होता, घरचं कापड वापरा. आणि एक खातं सांगत होतं, कुठलंही मागवा, आम्ही आणून देतो. पुढे कोण जिंकलं ते माझ्या खात्याच्या उताऱ्यात नमूद आहे.

‘न आवडल्यास पैसे परत’ हेही जुनंच. अमेरिकेत शिकागोच्या मॉन्टगोमेरी वॉर्डनं १८७२ साली एका कागदावर वस्तूंची यादी आणि दर छापून खेड्यातल्या शेतकऱ्यांना टपालानं माल विकायला सुरुवात केली, आणि तीन वर्षांत पैसे परत देण्याची हमीही दिली. तिथल्या किकवीकरांनाही तेव्हा सदरे खांद्यात सैल होत असणारच.

१९०५ सालची नोंद मात्र कारकुनानं दोनदा वाचावी अशी आहे. वंगभंगाच्या संतापात ७ ऑक्टोबरला पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. पुढाकार फर्ग्युसन कॉलेजातल्या सावरकर नावाच्या विद्यार्थ्याचा, आणि भाषणाला स्वतः टिळक. कॉलेजनं त्या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. त्या काळी दहा रुपयांत चांगले कपडे आले असते. लोकांनी अंगावरचे कोट काढून आगीत टाकले, ते पुन्हा शिवायला पैसे कुठून येतील याचा विचार न करता. कपड्यांच्या बाबतीत आपला समाज बेहिशेबी वागला असं एवढं एकच अभिमानास्पद उदाहरण मला सापडलं. माझे बारा नग त्या सदरात बसवता येतील का, हा विचार मनात आला होता. पण ते बहुतेक स्वदेशीच निघाले.

त्यानंतर युद्ध आलं. १९४३ साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं आणि ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्द मराठीत कायमचा शिवला गेला. आमची आजी जाडंभरडं काहीही दिसलं की त्याला कंट्रोलचं म्हणायची. त्यात एकदा आमचे एक पाहुणेही आले. मग १९५७ च्या १ एप्रिलला आणे-पै गेले आणि नवे पैसे आले, आणि थोड्याच वर्षांत वाराचा मीटर झाला. मीटर वारापेक्षा जवळजवळ साडेतीन इंचांनी मोठा. हे साडेतीन इंच कुठे गेले याचा शोध आमच्या घरातल्या बायका कितीतरी वर्षं शिंप्याकडे घेत होत्या. पुढे १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांनी पुकारलेला मुंबईचा गिरणीसंप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले किती तरी पुन्हा आत गेलेच नाहीत. भोर-वेल्ह्यात मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालणारी घरं पुष्कळ होती. कापड महागलं की स्वस्त झालं, हा प्रश्न मग त्या घरांत कुणी विचारला नाही.

इथे छापील इतिहास संपला आणि घरचा सुरू झाला. सातबाऱ्याचा उतारा शोधताना अण्णांच्या पेटीत जमाखर्चाच्या वह्या सापडल्या होत्या, त्या मी उघडल्या. अण्णा, म्हणजे आमचे वडील, प्राथमिक शाळेत शिक्षक. अक्षर असं, की ताळेबंदावरसुद्धा शुद्धलेखनाचे गुण द्यावेत. ‘कापडचोपड’ असं वेगळं पान.

१९८८ : दिवाळी. मुलांचे सदरे, कापड एकाच ताग्यातून. हे मला वही न बघताही आठवत होतं. मी, धाकटा आणि चुलतभाऊ अशा तिघांचे सदरे एकाच फुलाफुलांच्या कापडाचे. उरलेल्या तुकड्याची ताईच्या परकराला झालर, आणि त्यातूनही उरलं त्याची उशीची खोळ. दिवाळीत आम्ही ओळीनं उभे राहिलो की बँडपथक आल्यासारखं वाटे. शिवाय सगळं ‘वाढत्या अंगाचं’. शिंपीमामा माप आमचं घ्यायचे आणि शिवायचे दोन वर्षांनंतरच्या मुलाचं. अंग वाढून सदऱ्यापर्यंत पोहोचे तेव्हा सदऱ्याची कोपरं गेलेली असत. मग तो धाकट्याकडे, मग पुसणं, नाहीतर आईच्या वाकळेत. जे काही धडकं उरेल त्यावर बोहारीण पातेलं देऊन जाई. परवा सौ.नं माझे तीन सदरे पुढे केले, तर बोहारणीनं कापड बोटांत चोळून चमचासुद्धा देऊ केला नाही.

१९९३ : ताईचा बस्ता, पुणे. रुपये ११,३५०. लक्ष्मी रोडवरचं दुकान, गादीवर बसलेली दोन्हीकडची पंधरा माणसं, समोर साड्यांचा डोंगर आणि कोपऱ्यात खिशावर हात ठेवून बसलेले अण्णा. मी तेरा वर्षांचा होतो. मला फक्त दुकानदारानं पाजलेला उसाचा रस आठवतो.

आणि त्याच पानावर शेवटचा रकाना : ‘स्वतः’. १९९१ पासून १९९६ पर्यंत त्या रकान्यात आडवी रेघ. एकेक वर्ष, एकेक रेघ. पट्टी लावून मारलेली.

मी ती पानं पुन्हा मोजली. सहा. बँकेत रोकड जुळली नाही की पोटात जसं होतं तसं झालं. कारण १९९४ सालचं एक स्नेहसंमेलन मला आठवलं. अण्णांच्या सदऱ्याची कॉलर विरली होती, ती शिंपीमामांनी उसवून उलटी करून बसवली होती. जवळून पाहिलं की कळायचं. मी त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, “अण्णा, उद्या शाळेत येताना दुसरा सदरा घाला.” ते म्हणाले होते, “दुसरा वाळत घातलाय रे.” आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच सदऱ्यात आले, आणि मी बक्षीस घेऊन व्यासपीठावरून उतरलो तो त्यांच्या बाजूला न जाता मित्रांच्या बाजूला गेलो.

आता माझा उतारा आणि त्यांची वही शेजारी ठेवून पाहिली तर फरक पगाराचा कमी आणि पैसे जाण्याच्या पद्धतीचा जास्त आहे. अण्णा नोटा अंगठ्याला थुंकी लावून दोनदा मोजत, एकदा दुकानदारासाठी आणि एकदा दुःखासाठी. २००१ साली अमेरिकेत एम.आय.टी.च्या प्रेलेक आणि सिमेस्टर या दोघांनी विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली. कार्डानं पैसे द्यायचे असं ज्यांना सांगितलं, त्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. आपल्याकडे २०१० साली फ्लिपकार्टनं दारात रोख पैसे घ्यायची सोय आणली तेव्हा निदान पार्सलवाल्यासमोर पाकीट उघडावं लागे, आणि मागे सौ. उभी असे. २०१६ साली यूपीआय आलं आणि तोही धाक गेला. अंगठा तोच, फक्त त्याला आता थुंकी लागत नाही. लागली असती तर माझे सतरांतले दहा नग वाचले असते.

सदरा घेऊन मी शिंपीमामांकडे गेलो. नवे कपडे शिवायला त्यांच्याकडे आता फारसं कोणी येत नाही. मोबाइलवरून आलेल्या पँटी आखूड करण्यावर दुकान चालतं. “पूर्वी माणूस बघून कापड कापायचो,” ते म्हणाले, “आता कापड येतं आणि त्यात बसणारा माणूस शोधावा लागतो.” मग सदरा दोन्ही हातांनी वर धरून त्यांनी डोळे बारीक केले. “हा तुझा नाहीच. हा अण्णांचा आहे.”

खरोखरच अण्णांना तो बेतशीर बसला. बाह्या तेवढ्या इंचभर आत घेतल्या. अण्णा एक्याऐंशीचे आहेत. आरशासमोर उभे राहून कॉलरवरून बोट फिरवत होते. मी धीर करून विचारलं, “अण्णा, त्या स्नेहसंमेलनाच्या वेळी दुसरा सदरा खरंच वाळत होता का हो?”

“होता की,” अण्णा म्हणाले. “रात्री धुतला होता. तू पाहिलास तेव्हा अंगावर वाळत होता.”

आणि हसले. मी हसलो की नाही ते आठवत नाही.

मग त्यांनी नेहमीप्रमाणे वही काढली, चष्मा लावला, ‘स्वतः’ या रकान्यावर पेन टेकवलं आणि विचारलं, “केवढ्याला पडला?”

बावीस वर्षांच्या नोकरीत मी एकही खोटी नोंद केलेली नाही. माझ्यासमोर लाखाच्या रोकडीत दहाची नोट चुकली तरी मी रात्री आठपर्यंत थांबलेलो आहे.

“अडीचशे,” मी म्हणालो.

अण्णांनी आकडा लिहिला, खाली पट्टी लावून रेघ मारली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“महाग घेतलास,” ते म्हणाले.