कंबुज देशांतून

चीनच्या बादशहानें पाठविलेल्या वकिलातीबरोबर चौ ता-कुआन नांवाचा एक गृहस्थ इ. स. १२९६ सालीं मेकाँग नदीच्या मुखांतून वर शिरला, आणि तोन्ले साप ह्या महासरोवराच्या वाटेनें कंबुज देशाच्या राजधानीस, म्हणजे अंकोर नगरीस, जाऊन पोहोंचला. तेथें तो जवळजवळ एक वर्ष राहिला. परत गेल्यावर त्यानें लिहिलेला वृत्तांत लहानसाच आहे; पण त्या काळच्या अंकोरचें प्रत्यक्ष पाहणाऱ्यानें केलेलें वर्णन म्हणून तेवढें एकच आज शिल्लक उरलें आहे. सोन्यानें मढविलेले मनोरे, हत्तीवर उभा राहून निघणारा राजा, बाजारांत सर्व देवघेव करणाऱ्या बायका, हें सारें त्यानें सांगितलें आहे. तथापि तेवढ्यावरच तो थांबत नाहीं. सयामी लोकांशीं नुकत्याच झालेल्या युद्धांत हा देश पार उजाड झाला, हेंही तो नमूद करून ठेवतो. वैभव आणि विध्वंस हीं दोन्हीं एकाच प्रवासांत त्याच्या नजरेस पडलीं. त्या गोष्टीस सातशेंहून अधिक वर्षें लोटलीं. परंतु कंबोडिया ह्या नांवानें आज ओळखल्या जाणाऱ्या त्या देशांत जो कोणी प्रवासी डोळे उघडे ठेवून जाईल, त्यास तोच अनुभव पुन्हां येतो.

प्रवासी प्रथम जातो तो अंकोरला. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत दुसऱ्या सूर्यवर्मन् राजानें श्रीविष्णूप्रीत्यर्थ बांधविलेलें अंकोर वाट हें मंदिर सुमारें १९० मीटर रुंद खंदकाच्या मध्यें उभें आहे. ‘अंकोर’ हा शब्द आपला ‘नगर’ हाच होय. पूर्वेकडील सज्जांत समुद्रमंथनाचा शिल्पपट सुमारें ४९ मीटर लांब कोरलेला आहे. एका बाजूस ८८ देव, दुसऱ्या बाजूस ९२ असुर, आणि मध्यें विष्णु. पश्चिमेकडे एका भिंतीवर कुरुक्षेत्र व दुसरीवर लंकेचें युद्ध. भारतीय मनुष्याला येथें आपल्याच घरीं आल्यासारखें वाटतें, आणि तें साहजिकही आहे. परंतु ह्या आनंदांत एक गोष्ट विसरतां कामा नये. हीं शिल्पें ज्यांनीं कोरलीं ते लोक भारतांतून गेलेले नव्हते. ते ख्मेर होते, आणि त्यांनीं रामायण-महाभारत आपलेंसें करून घेतलें होतें. शिवाय ह्या नगरीनेंही शांतता फार काळ उपभोगिली नाहीं. ११७७ सालीं चंपा देशाच्या लोकांनीं अंकोर लुटलें. त्यानंतर ११८१ त राज्यावर आलेल्या सातव्या जयवर्मन् राजानें तें पुनः उभारलें. राज्यांत १०२ रुग्णालयें असल्याचा उल्लेख त्याच्या काळच्या शिलालेखांत सांपडतो. त्याच्या बायोन मंदिराच्या भिंतींवर चंपाच्या आरमाराशीं झालेली लढाई कोरलेली आहे, आणि तिच्या खालींच मासे विकणाऱ्या बायका व कोंबड्यांची झुंज लावणारे पुरुषही कोरलेले आहेत. लढाई आणि बाजार ह्यांना एकाच भिंतीवर जागा देणारा तो शिल्पकार आपल्या देशाचा इतिहास नीट ओळखत होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

अंकोर सोडून बट्टमबंग प्रांतांत गेलें म्हणजे नजीकच्या काळांतील इतिहास जमिनींतूनच बोलूं लागतो. भाताचीं खाचरें, ताडाचीं झाडें, खांबांवर उभीं केलेलीं लांकडी घरें, असा तो रम्य मुलूख आहे. पण कित्येक शेतांच्या बांधावर कवटीचें चित्र असलेली लाल पाटी लावलेली आढळे, कारण त्या जमिनीच्या पोटांत भूसुरुंग होते. तीस वर्षांच्या यादवींत सर्वच पक्षांनीं ते पेरले, आणि १९७९ पासून त्यांनीं व इतर न फुटलेल्या स्फोटकांनीं सुमारें वीस हजार माणसांचे प्राण घेतले. ते हुडकून काढण्याच्या कामीं आफ्रिकेंतील मोठ्या जातीचे उंदीर शिकवून तयार करण्यांत आले. त्यांचें वजन इतकें कमी कीं, सुरुंगावरून गेले तरी तो फुटत नाहीं. मगावा नांवाच्या अशा एका उंदरानें शंभराहून अधिक सुरुंग व स्फोटकें दाखवून दिलीं, आणि २०२० सालीं त्यास ब्रिटनमधील एका प्राणिरक्षक संस्थेनें सुवर्णपदक दिलें.

ह्याच प्रांतांत लोकांनीं स्वतःची आगगाडी निर्माण केली होती. युद्धामुळें रेल्वेचा कारभार बसला. रूळ मात्र उरले. तेव्हां गांवकऱ्यांनीं दोन आंसांवर बांबूचें तट्ट टाकलें, त्याला लहानसें यंत्र जोडलें, आणि माणसें, भात व गुरें त्यावरून नेण्यास आरंभ केला. मार्ग एकेरी, म्हणून समोरासमोर दोन गाड्या आल्या म्हणजे जिच्यावर भार कमी ती उतरवून बाजूला ठेवावयाची व दुसरीला वाट द्यावयाची, असा रिवाज पडला. हा नियम कोणत्याही सरकारनें केलेला नव्हता. सरकार नसतांना माणसें काय करूं शकतात ह्याचें तें एक उदाहरण होतें. आणि हेंच सरकार हातीं आल्यावर माणसें काय करूं शकतात, तें नॉम पेन येथें पाहावयास मिळतें.

फ्रेंचांचें संरक्षकत्व ह्या देशावर १८६३ सालीं आलें व ९ नोव्हेंबर १९५३ रोजीं तो स्वतंत्र झाला. राजा सिहानूक ह्यानें राज्यपद पित्याला देऊन स्वतः राजकारण हातीं घेतलें आणि शेजारच्या व्हिएतनाममधील आगीपासून देश अलिप्त ठेवण्याची शिकस्त केली. ती सफल झाली नाहीं. १९६९ च्या मार्चपासून अमेरिकेच्या विमानांनीं सरहद्दीवरील मुलखावर गुप्तपणें बाँबवर्षाव सुरू केला. १५ ऑगस्ट १९७३ रोजीं तो थांबला तोंपर्यंत सुमारें पांच लाख टन बाँब ह्या लहानशा देशावर पडले होते. मध्यंतरीं १८ मार्च १९७० रोजीं सिहानूक पदच्युत होऊन सेनापति लॉन नॉल अधिकारावर आला. खेड्यांतून पळालेल्या निर्वासितांनीं राजधानी फुगली, आणि उद्ध्वस्त खेड्यांतील पोरें ‘ख्मेर रूज’ म्हणजे तांबड्या ख्मेरांच्या सैन्यांत भरती होऊं लागलीं. १७ एप्रिल १९७५ रोजीं त्या सैन्यानें नॉम पेन घेतलें. युद्ध संपलें म्हणून लोकांनीं रस्त्यांत येऊन आनंद केला. थोड्याच तासांत आज्ञा सुटली कीं, अमेरिकन विमानें येणार आहेत, तीन दिवसांपुरतें सर्वांनीं शहर सोडावें. रुग्णालयांतील रोगी खाटांसकट बाहेर लोटण्यांत आले. सुमारें वीस लक्ष वस्तीचें तें शहर ओस पडलें, आणि त्या तीन दिवसांची जवळजवळ चार वर्षें झालीं.

ह्या चार वर्षांत नाणें बंद, बाजार बंद, टपाल बंद, विहार बंद, शाळा बंद. सर्वांनीं शेतांत राबावयाचें आणि ‘अंगकार’ म्हणजे संघटना सांगेल तें ऐकावयाचें. उपासमार, रोगराई, अतिश्रम व कत्तल ह्यांनीं सुमारें ८० लक्ष लोकसंख्येंतून १७ ते २० लक्ष माणसें मेलीं. शिकलेला मनुष्य संशयित ठरे. चष्मा असणें हेंही धोक्याचें होतें, असें त्यांतून वांचलेल्या कित्येकांनीं सांगितलें आहे.

आतां हें करणारे कोण होते, ह्याकडे सुशिक्षित मनुष्यानें विशेष लक्ष दिलें पाहिजे. ते अडाणी लुटारू नव्हते. त्यांचा मुख्य सालोथ सार, जो पुढें पोल पॉट म्हणून कुप्रसिद्ध झाला, तो १९४९ सालीं सरकारी शिष्यवृत्तीवर रेडिओचें तंत्र शिकण्यास पॅरिसला गेला होता. परीक्षा न उतरतां परत आल्यावर तो एका खासगी शाळेंत फ्रेंच वाङ्मय, इतिहास व भूगोल शिकवीत असे, आणि मृदुभाषी शिक्षक म्हणून विद्यार्थ्यांना आवडे. इएंग सारी व सोन सेन हे त्याचे सहकारी शिक्षकच होते. खिउ सांफान ह्यानें पॅरिसमध्यें अर्थशास्त्रावर प्रबंध लिहून १९५९ त डॉक्टरची पदवी मिळविली होती. ख्मेर भाषेंत शिक्षकाला ‘क्रू’ म्हणतात, तो आपला ‘गुरु’. आणि शाळेला ‘साला’ म्हणतात, ती आपली ‘शाला’. ज्यांना लोक क्रू म्हणून हात जोडीत, त्यांनींच देशांतील सर्व शाळा बंद केल्या.

त्यांतली एक शाळा निराळ्या कामीं लावण्यांत आली. नॉम पेनमधील तुओल स्लेंग येथील माध्यमिक शाळेच्या चार तीन मजली इमारती होत्या. त्या जागेच्या नांवाचा अर्थ ‘विषवृक्षांची टेकडी’ असा सांगतात. तेथें ‘एस-२१’ नांवाचा तुरुंग झाला. वर्गांत विटांच्या व फळ्यांच्या भिंती घालून अरुंद कोठड्या केल्या. कैद्यांनीं उड्या टाकून जीव देऊं नये म्हणून सज्जांना कांटेरी तारा लावल्या. मैदानांतील कसरतीचा खांब छळासाठीं वापरला. बारा हजारांहून अधिक माणसें येथें आणण्यांत आलीं; जिवंत सुटलेलीं बोटांवर मोजण्याइतकीं. चित्रकार वान नाथ व बू मेंग, यंत्रें दुरुस्त करणारा चुम मेय, हे वांचले ते त्यांची कला तुरुंगाच्या उपयोगी पडली म्हणून. बाकीच्यांस रात्रीं शहराबाहेर सुमारें पंधरा किलोमीटरवर चोएउंग एक येथें नेऊन मारीत. तेथें आतां एक कांचेचा स्तूप आहे व त्यांत पांच हजारांहून अधिक कवट्या ठेवल्या आहेत.

तुरुंगाचा अधिकारी कैंग गुएक एआव ऊर्फ दुच हा गणिताचा शिक्षक होता. कामांत नेटका, टिपणांत काटेकोर. प्रत्येक कैदी आला कीं त्याचें छायाचित्र घ्यावयाचें, छळ करून त्याजकडून कबुलीजबाब लिहवून घ्यावयाचा, आणि तो कागद दुचकडे यावयाचा. त्यावर तो तांबड्या शाईनें समासांत शेरे मारी. येथें खोटें आहे, येथें अधिक विचारा, असें विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तसें. पहारेकरी बहुतेक खेड्यांतील कोंवळीं पोरें होतीं. ज्या वयाच्या मुलांनीं त्या वर्गांत बाकांवर बसावयाचें, त्या वयाचीं मुलें तेथें बंदूक घेऊन उभीं होतीं. तुओल स्लेंग पाहावयास आलेला प्रवासी भिंतीवरील हजारों छायाचित्रांपुढून जातो, तेव्हां त्याला मृतांचे चेहरे दिसतात. पण एखाद्या खोलींत अजून उरलेला काळा फळा दिसला, म्हणजे ज्यानें आयुष्यांत कधीं खडू हातीं घेतला असेल त्याचे पाय तेथें अधिक वेळ अडखळावेत. बुद्धि, पाठांतर, शिस्त आणि टापटीप हे गुण शाळा शिकविते. हे सर्व गुण दुचपाशीं होते. दयेचा पाठ मात्र वेळापत्रकांत नसतो, आणि तो राहून गेला तर बाकीचे गुण कोणत्या कामीं लागतील ह्याची हमी कोणी देऊं शकत नाहीं.

व्हिएतनामच्या सैन्यानें ७ जानेवारी १९७९ रोजीं नॉम पेन घेतलें व ह्या राज्याचा शेवट केला. परंतु जगाचें राजकारण विचित्र. पुढील सुमारें दहा वर्षें संयुक्त राष्ट्रसंघांतील देशाचें आसन पदच्युत झालेल्या बाजूकडेच राहिलें. भारतानें १९८० सालीं नॉम पेनमधील नव्या सरकारास मान्यता दिली, आणि १९८६ ते १९९३ ह्या काळांत भारतीय पुरातत्त्व खात्याचे लोक, आसपास बंदुकांचे आवाज होत असतां, अंकोर वाटची दुरुस्ती करीत होते. १९९१ च्या ऑक्टोबरांत पॅरिस येथें तह झाला. १९९३ त संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालीं निवडणूक होऊन सिहानूक पुन्हां राजा झाला. पोल पॉट १५ एप्रिल १९९८ रोजीं न्यायासनापुढें न येतांच मेला. दुच मात्र नांव बदलून राहिला होता, आणि मध्यंतरीं त्यानें पुन्हां शिक्षकाचेंही काम केलें होतें. १९९९ सालीं तो ओळखला गेला. विशेष न्यायालयानें २०१० सालीं त्यास ३५ वर्षांची व अपिलांत २०१२ सालीं जन्मठेपेची शिक्षा दिली. २०२० त तो कैदेंतच वारला. नुओन चेआ व खिउ सांफान ह्यांनाही जन्मठेप झाली, आणि २०२२ च्या सप्टेंबरांत शेवटच्या अपिलाचा निकाल लागून तें काम संपलें. एवढ्या मोठ्या हत्याकांडाबद्दल त्या न्यायालयानें दोषी ठरविलीं तीं माणसें तीनच.

न्यायालयाहून अधिक काम शाळांनीं केलें आहे. १९७९ सालीं त्या पुन्हां उघडल्या तेव्हां पुस्तकें नव्हतीं, बाकें नव्हतीं, आणि शिक्षक तर हजारोंनीं मेले किंवा परागंदा झाले होते. ज्याला अधिक येतें त्यानें कमी येणाऱ्यास शिकवावें, ज्याला कमी येतें त्यानें मुळींच न येणाऱ्यास शिकवावें, ह्या तत्त्वावर वर्ग सुरू झाले. चलनही नव्हतें, रिएल हें नाणें १९८० च्या मार्चपर्यंत परत आलें नाहीं, आणि तोंवर तांदूळ हेंच नाणें होतें. मागील चार वर्षांविषयीं मुलांना काय सांगावें, हा प्रश्न मात्र फार काळ सुटला नाहीं. पुष्कळ गांवांत मारणारे व मारल्या गेलेल्यांचे आप्त एकाच पाणवठ्यावर येत. बोलणें कठीण होतें. घरांतील वडील माणसें सांगत, तीं तरुणांना खरीं वाटत नसत. अखेर २००७ सालीं खांबोली डी ह्या तरुण लेखकानें त्या काळाचा इतिहास शाळांसाठीं लिहिला, आणि २००९ पासून तो माध्यमिक शाळांत पोहोंचूं लागला.

देश पूर्णपणें निवांत झाला असें नाहीं. थायलंडच्या सरहद्दीवर प्राचीन मंदिरांच्या मालकीवरून २०२५ सालींही तोफा चालल्या, आणि गांवेंच्या गांवें पुन्हां रस्त्यावर आलीं. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत तुओल स्लेंग व चोएउंग एक हीं स्थळें जागतिक वारशाच्या यादींत घेण्यांत आलीं. अंकोर त्या यादींत १९९२ पासूनच आहे. आतां एकाच यादींत देवांचें समुद्रमंथनही आहे आणि माणसांनीं बाहेर काढलेलें हालाहलही. कंबुज देशांतून जाणाऱ्यानें पहिलें पाहून परतूं नये. नॉम पेनचें शिकाऊ पोर गणवेश घालून ज्या सकाळीं शाळेंत जातें, त्याच सकाळीं तुओल स्लेंगचें फाटकही उघडतें. आणि वर्गांत शिरतांना तें पोर आजही आपल्या गुरूला हात जोडून ‘क्रू’ असेंच म्हणतें.