वॉकरला न सापडलेलं उत्तर

तर मंडळी, साल १८७७. दख्खनमध्ये आधीच दुष्काळ, त्यात पुन्हा मान्सूननं दगा दिला. लाखो माणसं गेली. पावसाचा अंदाज आधी कळणं ही तेव्हापासून सरकारची गरजच झाली.

१९०४ मध्ये हवामान खात्याचा प्रमुख झाला गिल्बर्ट वॉकर, केंब्रिजचा गणिती. जगभरचे आकडे जुळवताना त्याला दिसलं, की पॅसिफिकवर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर उतरतो, आणि उलटही. झोपाळाच म्हणा ना! पण झोका देतं कोण?

ते १९६९ मध्ये जेकब ब्यर्कनेसनं सांगितलं: समुद्राचं पाणी. पॅसिफिकचा पूर्वभाग तापला की वारे मंदावतात, ढग तिकडे सरकतात, आपला पाऊस बहुतेकदा रोडावतो. हाच एल निनो. १८७७ लाही तोच होता.

गंमत म्हणजे १९९७ चा एल निनो प्रचंड, तरी आपला पाऊस सरासरीइतका! तेव्हा हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापला होता. त्यानंच सावरून घेतलं, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात.