सरड्यांचे तापमाननियमन : एका संकल्पनेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना
सरपटणारे प्राणी 'शीतरक्ताचे' असतात, ही संज्ञा दीर्घकाळ रूढ होती. हवेबरोबर त्यांचे शरीर तापते व थंड होते, असे तीत गृहीत होते. या गृहीतकाचे खंडन कसे झाले आणि त्यातून कोणते प्रश्न उभे राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाळवंट
रेमंड काउल्स व चार्ल्स बोगर्ट यांचा वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांवरील अभ्यास १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. ऊन व सावली यांत ये-जा करून सरडे शरीराचे तापमान ठरावीक मर्यादेत राखतात, असे त्यांनी दाखविले. ज्या तापमानाला हालचालींतील सुसूत्रता नष्ट होऊन प्राण्याला स्वतःचा बचाव करता येत नाही, त्याला त्यांनी कमाल क्रांतिक तापमान मानले. म्हणजेच शरीरक्रियेची मर्यादा हालचालीच्या कसोटीवर ठरली.

पर्वत
१९५४ मध्ये ऑलिव्हर पिअर्सन यांनी दक्षिण पेरूतील अँडीज पर्वतात, ४,००० मीटरहून अधिक उंचीवर राहणाऱ्या लायोलिमस सरड्याची माहिती प्रसिद्ध केली. हवा गोठणबिंदूजवळ असतानाही उन्हात पडून हा सरडा शरीराचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास नेत असे. त्याची मादी अंडी न घालता पिलांना जन्म देते. थंड मातीत अंडी ठेवण्यापेक्षा गर्भ उन्हात शेकणे अशा प्रदेशात हितावह ठरते.

नियमनाची किंमत
तथापि हे नियमन फुकटचे नसते. प्वेर्तो रिकोतील अ‍ॅनोलिस सरडे मोकळ्या जागी ऊन शेकतात, दाट जंगलात मात्र हवेच्याच तापमानावर राहतात, असे रेमंड ह्यूई यांनी १९७४ मध्ये दाखविले. उन्हाचा कवडसा शोधण्यात वेळ व शक्ती खर्च होते आणि शत्रूची भीतीही असते. ह्यूई व स्लॅटकिन यांनी १९७६ मध्ये या लाभहानीचे गणिती प्रारूप मांडले.

निष्कर्ष
बॅरी सिनेर्वो व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मेक्सिकोतील २०० ठिकाणच्या ४८ जातींची तुलना प्रसिद्ध केली. १९७५ पासून १२ टक्के स्थानिक समूह नष्ट झाले होते. उष्णतेमुळे सावलीत काढावे लागणारे तास वाढले की भक्ष्य मिळविण्याचा वेळ घटतो. सरड्याला तारणारी सावलीच अशा वेळी त्याची उपासमार करते. पर्वतावर वर सरकण्याचा मार्ग असतो, परंतु तो शिखरापाशी संपतो. १९४४ मध्ये सामर्थ्य म्हणून ओळखल्या गेलेल्या वर्तनाची मर्यादा येथे स्पष्ट होते.