फुलांपासून तयार केलेले नैसर्गिक रंग

फुलांच्या पाकळ्यांतील रंजकद्रव्ये पाण्यात उतरवून चित्रकला, कापडाची रंगाई आणि रंगपंचमी यांसाठी जे रंग तयार केले जातात, त्यांना फुलांचे नैसर्गिक रंग म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर आणि वेल्हे (राजगड) हे तालुके सह्याद्रीच्या रांगांत वसलेले आहेत. रंग देणाऱ्या वनस्पतींपैकी पळस व धायटी तेथील डोंगरउतारांवर, तर पारिजातक, जास्वंद, गोकर्ण व झेंडू परसात आणि शेताच्या बांधावर आढळतात.

प्रमुख फुले

पळस (ब्युटिया मोनोस्पर्मा) हा पानझडी वृक्ष माघ-फाल्गुनात, म्हणजे साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. त्याच्या केशरी पाकळ्यांत ब्युटेइन व त्याच्याशी संबंधित द्रव्ये असतात. फुले पाण्यात भिजवून किंवा उकळून पिवळा-केशरी रंग मिळतो. त्यात चुन्याची निवळी घातल्यास तो अधिक गडद होतो. फुलोरा आणि फाल्गुन वद्य पंचमीची रंगपंचमी एकाच ऋतूत येत असल्याने हा रंग त्या सणाशी जोडला गेला.

धायटी (वुडफोर्डिया फ्रुटिकोसा) हे तांबड्या फुलांचे झुडूप आहे. त्याच्या फुलांत टॅनिन भरपूर असते. आयुर्वेदात आसवे व अरिष्टे आंबवताना ही फुले घालतात.

पारिजातकाचा (निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस) रंग पांढऱ्या पाकळ्यांत नसून फुलाच्या केशरी देठात असतो. त्यातील द्रव्य केशरातील रंगद्रव्याच्या कुळातील असून त्याने पूर्वी रेशीम रंगवले जाई.

जास्वंद व गोकर्ण यांचा रंग अँथोसायनिन गटातील द्रव्यांमुळे येतो. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळताच ते जांभळे-गुलाबी होते. जास्वंदीचे पाणी आम्लात लाल, तर अल्कात हिरवट दिसते. झेंडूपासून तुरटीसह पिवळा आणि लोहक्षारासह शेवाळी रंग मिळतो.

रंग तयार करण्याची कृती

फुलांचा अर्क पाण्यात विरघळलेला असतो. त्याने कापड रंगते. परंतु चित्रासाठी त्याचे पाण्यात न विरघळणाऱ्या भुकटीत रूपांतर करणे सोयीचे ठरते. ही कृती पुढीलप्रमाणे आहे:

१. फुले देठ व हिरवा भाग काढून सावलीत वाळवतात. पारिजातकाचे मात्र केशरी देठच घेतात.
२. वाळलेली फुले मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात रात्रभर भिजवून मंद आचेवर उकळतात. लोखंडी भांडे टाळतात, कारण लोह व टॅनिन यांच्या संयोगाने रंग काळपट होतो.
३. अर्क वस्त्रगाळ करून कोमट असताना त्यात तुरटी विरघळवतात.
४. धुण्याच्या सोड्याचे द्रावण थोडेथोडे घालतात. कार्बन डायऑक्साइडमुळे फेस येतो, म्हणून भांडे मोठे घ्यावे लागते. तुरटीतील ॲल्युमिनियमचा साका रंगद्रव्य धरून तळाशी बसतो.
५. साका फडक्यातून गाळून स्वच्छ पाण्याने धुतात, वाळवतात आणि खलात बारीक घोटतात.
६. भुकटीत बाभळीच्या किंवा धावड्याच्या डिंकाचे पाणी मिसळले की जलरंग तयार होतो. डिंकामुळे रंग कागदाला धरून राहतो.

रंगपंचमीसाठी यांपैकी पहिल्या दोन पायऱ्या आणि गाळणे एवढेच पुरते.

टिकाऊपणा

फुलांचे बहुतेक रंग उन्हात फिके पडतात. अँथोसायनिनचे रंग सर्वांत लवकर बदलतात. तुरटीमुळे रंग कापडावर अधिक पक्का बसतो, परंतु प्रकाशाचा परिणाम पूर्णपणे टळत नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत गेरू, पिवळी माती यांसारखे खनिज रंग प्रामुख्याने वापरलेले आहेत, ते या दृष्टीने उल्लेखनीय आहे. फुलांच्या रंगांनी काढलेली चित्रे म्हणूनच थेट उन्हापासून दूर ठेवतात. एका दिवसाच्या सणासाठी मात्र हीच उणीव उपयोगी पडते, कारण रंग अंगावरून व कपड्यांवरून तुलनेने सहज निघतो.

ऱ्हास व पुनरुज्जीवन

१८५६ मध्ये विल्यम हेन्री पर्किन यांनी मॉव्ह हा कृत्रिम रंग तयार केला. त्यानंतर काही दशकांत स्वस्त व एकसारखी छटा देणारे कृत्रिम रंग बाजारात आले आणि वनस्पतिज रंगांचा व्यापार घटला. रंगपंचमीच्या रंगांतही औद्योगिक रंजकांचा शिरकाव झाला. त्यांतील मॅलाकाइट ग्रीनसारखी द्रव्ये डोळ्यांना व त्वचेला अपायकारक असल्याने फुलांच्या रंगांकडे पुन्हा लक्ष वळले आहे. नैसर्गिक रंगही काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. त्यामुळे आधी थोडासा लावून पाहणे योग्य ठरते.

संवर्धन

पळसाच्या फुलांतील मधावर शिंजीर, मैना, बुलबुल इत्यादी पक्षी येतात आणि त्यांच्यामार्फत परागीभवन होते. पळसाच्या शेंगेत एकच बी असते; शास्त्रीय नावातील ‘मोनोस्पर्मा’ या शब्दाचा अर्थही तोच आहे. झाडावरची फुले ओरबाडल्यास तेवढे बी कमी होते आणि पक्ष्यांचे खाद्यही हिरावले जाते. खाली गळालेल्या फुलांतही रंग शिल्लक असल्याने घरगुती वापरासाठी ती वेचणे पुरेसे असते. पळसाच्या पानांच्या पत्रावळी करतात, त्याचा डिंक औषधात वापरतात आणि या झाडावर लाखेचे किडेही पोसले जातात. त्यामुळे त्याचे जतन केवळ रंगापुरते महत्त्वाचे नाही.