महारोहिणीची शस्त्रक्रिया आणि मार्फानचा विकार

१८९६ साली पॅरिस येथे आंत्वान मार्फान यांनी पाच वर्षांच्या एका मुलीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिची बोटे व हातपाय असाधारण लांब आणि कृश होते. पुढे ज्या विकारास त्यांचे नाव मिळाले, तो या मुलीस खरोखर होता काय, याविषयी उत्तरकालीन अभ्यासकांनी शंका घेतली आहे. नाव रूढ झाले ते बाह्य लक्षणांवरून. रोगाचे खरे भय मात्र हृदयापासून निघणाऱ्या महारोहिणीत दडलेले होते.

१९४३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांतून ही गोष्ट स्पष्ट होऊ लागली. संयोजी ऊतकाच्या दौर्बल्यामुळे महारोहिणीचे मूळ हळूहळू फुगते, झडप गळू लागते आणि अखेरीस भित्तीचे थर विलग होऊन रोगी अकस्मात दगावतो. १९५६ साली व्हिक्टर मॅक्युसिक यांनी आपल्या ग्रंथात आनुवंशिक संयोजी ऊतकविकारांचे व्यवस्थित वर्गीकरण केले. तथापि निदान झाले तरी उपाय तोकडा होता. १९७२ च्या एका पाहणीत मृत रुग्णांचे सरासरी वय अवघे ३२ वर्षे आढळले.

फुगलेला भाग कापून तेथे कापडी नळी बसविण्याची रीत तोवर प्रचारात आली होती. परंतु रोगग्रस्त मूळ शिल्लक राहिल्यास ते पुन्हा फुगण्याचे भय होते. १९६८ साली लंडनच्या ह्यू बेंटॉल व अँटनी द बोनो यांनी कृत्रिम झडप आणि नळी एकत्र जोडून संपूर्ण मूळच बदलण्याची व हृदयरोहिणींची मुखे त्या नळीस शिवण्याची पद्धती प्रसिद्ध केली. १९९२ साली टोरांटोच्या टायरोन डेव्हिड व ख्रिस्तोफर फिंडेल यांनी रुग्णाची स्वतःची झडप राखण्याचा मार्ग दाखविला.

केवळ शस्त्रकौशल्यानेच हे यश लाभले, असे मात्र म्हणता येणार नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ६७५ रुग्णांच्या अभ्यासात, पूर्वनियोजित शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १·५ टक्के होते. तातडीच्या प्रसंगी ते ११·७ टक्के होते. शस्त्रक्रिया मूलतः तीच. अंतर वेळेचे होते. १९८६ साली जपानमध्ये सामना चालू असता मृत्यू पावलेल्या अमेरिकन व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन यांचा विकार मृत्यूनंतरच ओळखला गेला. १९९१ मध्ये फायब्रिलिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष सापडल्याने कुटुंबातील इतरांची वेळीच तपासणी करणे सुकर झाले. मूळ बदलले तरी उरलेली महारोहिणी त्याच दुर्बल ऊतकाची असते. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही आजन्म देखरेख अनिवार्य ठरते.